चौथी साडी

वाढवून सांगायची माझी खोड आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी 'शंभर माणसं होती' म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात एक शून्य पुसतो, आणि बरोबर करतो. म्हणून आधीच सांगून ठेवते, पुढे जिथं जिथं आकडे येतील तिथं ज्यानं त्यानं आपापल्या परीनं काटछाट करून घ्यावी. एकच आकडा सोडून. एकोणीस. त्या दिवशी अक्कांच्या अंगावर एकोणीस नव्या साड्या होत्या. मी मोजल्या. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

आणि अक्कांनी सबंध आयुष्यात एका वेळी चारच्या वर साड्या बाळगल्या नव्हत्या.

अक्का माझ्या घरमालकीण. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं घर. खाली त्या, मुलगा आणि सून, वर एक खोली आणि गच्ची, त्यात मी. मी मूळची मोडनिंबची. नोकरीसाठी सहा महिने म्हणून आले आणि अकरा वर्षं राहिले. या अकरा वर्षांत लग्न जमेना, साड्या जमत गेल्या.

अंगानं त्या एवढ्याशा. वारा सुटला की सून त्यांना दाराला बांधून ठेवते अशी अफवा मीच गल्लीत पसरवली होती. पण उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, ही दोन बोटं मात्र भल्या मोठ्या माणसाची असावीत तशी. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या हातमागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळलं, त्यात बोटांना घट्टे पडले, आणि त्या घट्ट्यांना जे कळायचं ते दुकानदाराच्या भिंगाला कळत नसे.

माझा जिना त्यांच्या दारातून वर जायचा, ही या घरातली सगळ्यात मोठी अडचण. संध्याकाळी कचेरीतून येताना माझ्या हातात पिशवी दिसली की अक्का उंबऱ्यातून उठायच्या.

"बघू."

"काही नाही अक्का, भाजी आहे."

"भाजीला जरीचा काठ कधीपास्नं यायला लागला गं?"

मग पिशवी उघडली जायची. अक्का डोळे मिटून साडीचं टोक दोन बोटांत धरायच्या, चुरायच्या, आणि निकाल द्यायच्या. "तीन धुणी. चौथ्याला बोहारणीकडं." किंवा, "ही लई गोड बोलणाऱ्या जावयासारखी हाय. पाण्यात पडली की रंग सोडणार बघ." आणि शेवटी डोळे उघडून, माझ्याकडे रोखून बघत, तो एकच शब्द. "येंदुकू?"

येंदुकू म्हणजे तेलुगूत 'कशाला'. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही तेलुगू विणकरांचं. मराठी त्या सोलापुरी ठसक्यात बोलायच्या, पण हा प्रश्न कायम तेलुगूतच. मराठीत 'कशाला' म्हटलं तर माणूस उत्तर देऊन मोकळा होतो. येंदुकू घशात अडकून बसायचा.

"अक्का, दोनावर एक फुकट होती."

"एकबी नको असताना तीन आल्या की."

"अहो, आज साहेब सगळ्यांसमोर बोलले. फार वाईट वाटलं. म्हणून..."

"मग साहेबाला नेसव की साडी. तू का नेसतीस?"

मी वर जायचे, कपाटाचं दार गुडघ्यानं रेटून लावायचे. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच होतं. साहेब बोलले की साडी. स्थळाकडून नकार आला की साडी. रविवारी दुपारी काही सुचलं नाही, तरी साडी. दुकानातला माणूस साडीवर साडी उलगडत जातो, समोर रंगांचा पूर येतो, आणि दहा मिनिटं आपल्याला कुणीतरी विचारतंय असं वाटतं. घरी येऊन पिशवी ठेवली की ते वाटणं संपायचं. पुष्कळ पिशव्या तर मी उघडतही नसे. तशाच माळ्यावर.

फोनवरून मागवायला सुरुवात केली तेव्हा वाटलं, आता अक्कांना चुकवलं. पण कुरिअरवाल्यालाही जिना तोच. अक्का त्याला सांगायच्या, "ती हितं राहत न्हाय." त्याच वेळी मी वरून ओरडायचे, "राहते हो, राहते!" अक्का शांतपणे म्हणायच्या, "आवाज तिचाच हाय. पण राहत न्हाय."

त्यांना एकदा सोबत दुकानात नेण्याची चूक मी केली. मला अस्सल रेशमी म्हणून एक साडी दाखवत होते. अक्कांनी पदराच्या दशीतून एक धागा ओढला, कनवटीची काडीपेटी काढली, आणि भर दुकानात, गादीवर बसून, धाग्याला काडी लावली. धागा चुरचुर आकसला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. अक्कांनी तो मणी दुकानदाराच्या तळहातावर ठेवला, प्रसाद ठेवावा तसा. तेव्हापासून त्या रस्त्यानं अक्का नुसत्या दवाखान्यात जरी निघाल्या तरी चाळीस दुकानांची शटरं खाली येत. चाळीस नसतील. एक आलं होतं, ते मी स्वतः पाहिलं.

"सुती असलं की कागदासारखं जळतंय, आन राख हुती," त्या मला शिकवायच्या. "फुंकर मारली की गेली. हे मणीवालं मरतबी न्हाय धड."

त्यांच्या साड्यांना मात्र मरण असायचं, आणि ते फार सावकाश यायचं. दोन रोजच्या, एक बाहेर जायची, अशा तीन साड्या. विरली की विरलेला भाग काढून, उरलेले तुकडे जोडून दंड घालायच्या. दंडालाही दाद देईना झाली की वाकळेत. वाकळ झिजली की तिचं पायपुसणं. पायपुसण्यातूनही जो चांगला तुकडा निघेल तो धुऊन, सुकवून, पिळून देवापुढच्या दिव्याची वात. एकदा दिवा लावताना म्हणाल्या, "ही वात बघ, माझ्या पोराच्या बारशातली साडी हाय." तो पोरगा पन्नाशीला आलेला. साडीचा असा शेवट मी दुसरीकडे पाहिला नाही. माझ्या साड्या तर जन्मल्यासुद्धा नव्हत्या, पिशवीतच होत्या.

एका रविवारी त्या काठी टेकत वर आल्या आणि म्हणाल्या, "काढ सगळं. गच्चीवर मांड."

मी मांडलं. गच्ची भरली, कठडे भरले, पाण्याच्या टाकीवर साड्या आल्या. विमानातून कुणी बघितलं असतं तर सोलापुरात रंगपंचमीला पूर आला असं वाटलं असतं. शेजारच्या गच्चीवरच्या बाई पापड टाकून धावत आल्या. "सेल लावलाय व्हय मॅडम? ती पोपटी केवढ्याला?" अक्कांनी त्यांना हाकललं आणि एकेका साडीवर काठी ठेवत विचारायला लागल्या. "ही कितीदा नेसलीस?"

"दोनदा."

"ही?"

"एकदा. नाही, एकदाही नाही. नेसणार आहे."

"आन ही?"

त्यांची काठी एका लांबट खोक्यावर थांबली होती. आत शालू होता, लाल. माझ्या पहिल्या ठरत आलेल्या लग्नासाठी घेतलेला. ते लग्न मोडलं, तो राहिला. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या खोक्यावर मला एकही गोष्ट रचता येईना. ऊन मी म्हणत होतं. अक्का खाली बसल्या, शालू बाहेर काढला, त्याची जुनी घडी मोडली आणि निराळ्या जागी नवी घातली.

"रेशीम एकाच घडीवर लई दिस ठेवायचं न्हाय. घडीवरच फाटतंय." एवढंच बोलल्या. त्या एका कपड्याला त्यांनी येंदुकू विचारलं नाही.

त्या दिवशीच त्यांनी मला आपली चौथी साडी दाखवली. खाली, पलंगाखालच्या लाकडी पेटीत, जुन्या धोतरात गुंडाळलेली. वांगी रंगाची, मोहरीच्या फुलासारखा पिवळा काठ, शुद्ध सुती. नवऱ्यानं हातमागावर काढलेली शेवटची साडी. ती उतरली आणि दुसऱ्या दिवशी माग मोडून त्याची लाकडं चुलीला गेली. ते पुढे दुसऱ्याच्या यंत्रमागावर पाळीनं जायला लागले, आणि फार वर्षं जगले नाहीत.

"बोट दे हिकडं," अक्का म्हणाल्या. माझं बोट धरून त्यांनी काठावरून फिरवलं. पदरापासून वीतभर आत एके ठिकाणी बोट किंचित आत गेलं. केसाएवढी आडवी फट. "हितं त्याला खोकला आला. मागावर धोटा फेकता फेकता आला, आन एक दोरा सुटला. मी म्हटलं, उसवून परत विणा. तर म्हणाला, ऱ्हाऊ दे, घरातलीच हाय."

"मग नेसत का नाही तुम्ही?"

"नेसणार की. एकदाच." अक्का हसल्या. त्यांच्या हसण्याचा मला कधी भरवसा वाटला नाही. "मी गेले की माझ्यावर कुणी कायबी घालायचं न्हाय. ही एकच. ही जळंल आन राख हुईल, मीबी राख हुईन. त्याचं विणलेलं आन माझं हाड, येगळं काढता यायचं न्हाय कुणाला. सांगून ठेवलंय पोराला."

पोरगा युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर. तो आतून म्हणाला, "व्हय अम्मा, शंभर वेळा सांगितलंस."

पुढच्या पावसाळ्यात त्या पेटीच्या बुडाला वाळवी लागली. अक्का धोतरात गुंडाळलेली ती साडी छातीशी धरून जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी नुकतीच कचेरीतून आले होते, हातात दोन पिशव्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी पिशव्यांकडे बघितलं नाही.

"तुझ्या कपाटात ठेव. लोखंडाचं हाय."

"सूनबाईंकडे ठेवा की अक्का. त्यांचंही लोखंडाचंच आहे."

"ती आहेरात देती सगळं. आलेलं गेलं, गेलेलं आलं, तिला कळत न्हाय काय कुटलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या कपाटातनं आजवर काय बाहेर पडलेलं मी बघितलं न्हाय. तू नुसती भरतीस. तुझ्याकडंच ऱ्हाईल."

माझ्यावर आयुष्यात कुणी इतका विश्वास दाखवला नव्हता, आणि तोही माझ्या सगळ्यात वाईट खोडीवर.

त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, वैशाखात, अक्का अंथरुणाला खिळल्या. गच्ची तापून घराची भट्टी झालेली. मोतीबिंदू पिकलेले, दिसायचं जवळजवळ बंद. मी ओला पंचा कपाळावर ठेवायला बसले होते, तर म्हणाल्या, "आण गं माझी ती. हातात धरून झोपते."

मी वर गेले. पहिलं कपाट उपसलं, दुसरं उपसलं. खोलीत गुडघाभर साड्या झाल्या, त्यात उभं राहून मी एकेक झटकून पाहिली. माळ्यावरच्या पिशव्या तेवढ्या सोडल्या. त्या तर दुकानातून आलेल्या, न उघडलेल्या, त्यात अक्कांचं काय असणार? वांगी रंग कुठेही नव्हता. आणि मग मला आठवलं. मोडनिंबला चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नात, निघायच्या गडबडीत, मी कपाटातून हाताला लागलेली एक साडी आहेराला उचलली होती. वांगी रंगाची.

आयुष्यात माझ्या कपाटातून एकच साडी बाहेर गेली होती, आणि ती ही.

अक्कांना म्हटलं, "इस्त्रीला दिलीय. उद्या आणते." आणि पहिली एसटी धरून मोडनिंब गाठलं.

"आगं, दिलेला आहेर परत मागतीस व्हय?" चुलतबहीण कंबरेवर हात ठेवून उभी. "लोक काय म्हणतील, याचा तरी इचार!"

"चुकून गेली गं. बदल्यात दोन देते."

"हाय कुटं आता? ती मी टेंभुर्णीच्या जावेला घातली, तिच्या वास्तुशांतीला. नेसायला कुणाला येळ हाय?"

टेंभुर्णीच्या जावेनं चहा पाजला आणि सांगितलं की तसली गडद रंगाची ती काही नेसत नाही, तिनं ती मैंदर्गीच्या विहीणबाईंच्या ओटीत घातली. साडी घडीही न मोडता तीन घरं हिंडली होती. माझ्यापेक्षा जास्त प्रवास तिनं केला होता. दुसऱ्या दिवशी मैंदर्गी. विहीणबाई कानडी, माझं कानडी शून्य. मी हातवारे करून रंग सांगितला, काठ सांगितला, आणि माझ्या डोळ्यांकडे बघून ती माउली ट्रंकेत शिरली. साडी अजून पुढच्या ओटीची वाट बघत होती. माझ्या मांडीवर ती ठेवून म्हणाली, "तगोंड होग्री," घेऊन जा. बदल्यात आणलेल्या दोन्हींकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

वांगी रंग. पिवळा काठ. बोटांना मात्र ती गार लागली, घसरती. एसटी स्टँडवर बाकड्यावर बसून मी काठ चाचपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फट नव्हती. शेजारच्या बाबांकडून काडीपेटी मागितली, एक धागा ओढला आणि काडी लावली. काळा मणी. कुठल्यातरी सेलमधली दोनावर एक. तिच्यासारखीच दिसणारी, मीच कधीतरी घेतलेली, घेतल्याचं न आठवणारी.

म्हणजे अक्कांची साडी मी दिली नव्हती. मग ती कुठे होती? घर पुन्हा धुंडाळायचं ठरवून मी सोलापुरात उतरले, तर दारात डॉक्टरांची गाडी. सून म्हणाली, "कालपास्नं तुमचंच नाव घेतायत. ती साडी, ती साडी."

आता जे केलं ते लिहिते. आयुष्यभर थापा मारल्या होत्या. म्हटलं, आणखी एक. नाहीतरी त्यांना दिसत नाही. मी ती मैंदर्गीची साडी जुन्या पंच्यात गुंडाळली आणि अक्कांच्या हातात दिली.

"आणलीय अक्का."

त्यांची दोन बोटं साडीवर टेकली आणि थांबली. मग काठावरून चालायला लागली. सावकाश, वीत वीत, पदराच्या टोकापासून आतपर्यंत. पुन्हा उलट टोकापर्यंत. पुन्हा एकदा. यंत्रावरची साडी, निर्दोष होती. त्या बोटांना अडखळायला कुठेही जागा नव्हती.

हात थांबला. मी वाट बघत होते त्या एका शब्दाची. त्यांनी बोलावं, शिव्या द्याव्यात, निदान येंदुकू तरी विचारावं.

"बरं हाय," अक्का म्हणाल्या, आणि माझ्या मनगटावर थोपटलं. "ठेव."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

मुलानं आल्या-गेल्यांना सांगून पाहिलं की अम्माची इच्छा होती, कुणी काही घालू नका. पण बाई गेली की माहेरची साडी पडते, विहिणींची पडते, भाच्यांची, शेजाऱ्यांची पडते. रिकाम्या हातानं आलं तर चार लोकांत मान खाली जाते. शिवाय तिनं ठेवलेली ती एक कुठे आहे? मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मैंदर्गीची पुढे केली. ती सगळ्यात खाली गेली. तिच्यावर अंजिरी, पोपटी, गुलाबी, मोरपंखी. एकीवर दुकानाची चिठ्ठी तशीच. एकोणीस. खालची ती एवढीशी बाई दिसेनाशी झाली. नुसता कापडाचा ढीग खांद्यावर निघाला असं वाटत होतं.

स्मशानात आमच्या बायका जात नाहीत, त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. एकोणीसच्या एकोणीस काय जातीच्या होत्या ते मला लांबूनच कळत होतं. अक्कांनीच शिकवलं होतं.

अक्कांचं दिवसकार्य झालं. खोली सोडायचं मी ठरवलं. तो जिना चढवेना. सामान बांधताना माळ्यावरच्या पिशव्या खाली काढल्या. आठवी की नववी पिशवी, एका पावसाळी सेलची. आत दोन साड्या, आणि दोन्हींच्या मध्ये, जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. त्या संध्याकाळी कपाटाचं दार लागत नव्हतं. उद्या नीट ठेवू म्हणून मी ती हातातल्याच पिशवीत सरकवली होती आणि पिशवी माळ्यावर टाकली होती. अक्कांच्या डोक्यापासून दहा फुटांवर, बरोब्बर त्यांच्या खाटेच्या वर, ती सबंध वेळ पडून होती. आणि मी मैंदर्गीला गेले होते.

खाली नेली. मुलगा जेवत होता. मी साडी त्याच्यापुढे धरली आणि जे झालं ते सांगितलं, पहिल्यांदाच काही न वाढवता. त्यानं डाव्या हातानं ती जराशी चाचपली. कटिंग मास्तर, त्याला कापड कळायचं.

"आता काय करायची मॅडम? तुमीच ठेवा," तो म्हणाला. "घरात लई साड्या पडल्यात."

ती माझ्याकडे आहे. नव्या खोलीत कपाटाचा एक आख्खा कप्पा मी तिच्यासाठी रिकामा केला. बाकीचं कसं आणि कुणाला दिलं ते सांगण्यासारखं नाही, कारण ते नेसणारी माणसं शोधणं साडी विकत घेण्याहून फार अवघड निघालं. अधूनमधून मी तिची घडी मोडून दुसऱ्या जागी घालते, आणि काठावरून बोट फिरवते. वीतभर आत बोट अडतं. तिथं थोडी थांबते.

परवा काडीपेटी घेऊन बसले होते. वाटलं, एक धागा ओढावा, लावून बघावा, राख होते का. अक्का म्हणायच्या तशी, फुंकर मारली की गेली. धागा नखात धरलासुद्धा. मग सोडून दिला. तो काढला असता तर तिथं आणखी एक फट पडली असती, आणि पुढे कधी बोट फिरवताना अक्कांच्या नवऱ्याचा खोकला कुठला आणि माझी करणी कुठली, हे मला सांगता आलं नसतं.